ओट्याच्या पोटात काय भरले?

आमच्या सिंदेवाही तालुक्यात रोजचे जेवण भाताचे. धानाचा मुलूख, बोड्या-तलावांचा मुलूख; सकाळी भात आणि संध्याकाळीही भातच. पण घरात लग्न निघाले, नामकरण निघाले की पाहुण्यांच्या पंगतीला लांब रोटी लागते. नागपूरकडे तिला कोणी लंबी रोटी म्हणतात, कोणी मटका रोटी. साहित्य म्हणाल तर गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी. पण ते पीठ इतके सैल भिजवायचे आणि दगडावर इतके आपटायचे की त्याला रबरासारखी ओढ आली पाहिजे. मग तो गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत लांबवायचा आणि पेटत्या भट्टीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायचा. रोटी रुमालासारखी पातळ होते. ही कला येणाऱ्या बाया आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

आज मात्र मी लिहायला बसलो आहे ते त्या रोटीवर नाही. रोटीच्या भट्टीखाली जो ओटा असतो, त्यावर लिहायचे आहे. तो ओटा मी एकदा चुकीचा बांधला. त्या चुकीची खूण आमच्या वस्तीतील एका बाईच्या हातावर आजही आहे. दुसऱ्या कोणी तीच चूक करू नये म्हणून हे लिहीत आहे.

मी व्यवसायाने कारकून. बी.कॉम. झालो आणि जमा-खर्चाच्या कामाला लागलो, त्याला आता वीस वर्षांहून जास्त झाली. वस्तीत कोणाचे अर्ज भरून दे, कोणाचे बँकेचे काम कर, अशी कामे करता करता लोक मला कार्यकर्ता म्हणू लागले. आमच्या विहाराच्या समितीचा हिशोबही माझ्याकडेच असतो. बांधकामाचे मला काही कळत नाही. तरीपण ज्याच्या हातात वही-पेन असते, त्याला सगळेच कळते असा एक समज आपल्या लोकांत आहे. तो समज हळूहळू त्या माणसालाही खरा वाटू लागतो. माझे तसेच झाले.

माझी माय लांब रोटी करायची. जमिनीत खड्डा करून तीन बाजूंनी दगड-माती लावलेली भट्टी, वर पालथे मडके आणि समोर उकिडवी बसलेली माय, हे चित्र लहानपणापासून माझ्या डोळ्यांपुढे आहे. चार-चारशे माणसांच्या पंगती तिने अशाच बसून उठवल्या. डोळ्यांतून पाणी, नाकात धूर, आणि रात्री घरी आली की भिंतीला हात लावल्याशिवाय सरळ उभी राहता येत नसे. पन्नाशीच्या आतच तिची कंबर गेली. पुढे मायने रोटी सोडली, पण वस्तीतल्या सात बायांनी बचत गट करून लग्नाच्या रोट्यांचे काम घेणे सुरू केले. त्याही मायसारख्याच उकिडव्या बसून.

समितीच्या एका बैठकीत मी म्हणालो, "आपण कमानीवर खर्च केला, ध्वजाच्या चौथऱ्यावर केला, आता बायांसाठी एक उभ्याने काम करता येईल असा भट्टीचा ओटा बांधू." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. वर्गणी जमली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विहाराच्या अंगणात ओटा उभा राहिला.

आराखडा माझाच होता. हिशोबाच्या वहीतल्या चौकटींवर पट्टीने काढला होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच. अडीच फूट का? तर माझ्या घरी गॅसच्या शेगडीचा ओटा तेवढा आहे म्हणून. भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची, कारण त्यात विटा वाचत होत्या. पाया म्हणून एक फूट खोदले आणि खोदलेली माती ओट्याच्या पोटात टाकून दिली. एक घमेले माती बाहेर फेकावी लागली नाही, याचा मला केवढा अभिमान! वर कडप्पा बसवला आणि त्यावर विटा-मातीची भट्टी रचली. दर्शनी बाजूला रंगीत टाइल्स लावल्या आणि मधोमध वर्गणीदारांची नावे कोरलेली संगमरवरी पाटी. खर्च अठरा हजार चारशे. त्यातले सहा हजार टाइल्स आणि पाटीचे.

लग्नसराईत ओटा वापरात आला. बाया काही बोलल्या नाहीत. फक्त दोघी-तिघींच्या मनगटाच्या वर चटक्यांचे डाग दिसू लागले. मी विचारले तर म्हणाल्या, "होते जी, सवय नाई ना." एकदा मडक्याखालचा कडप्पा तडकला. आगीने तडकला असेल म्हणून मी वरून सिमेंटचा लेप दिला. पावसाळ्यात कोपऱ्यातला सांधा उघडला आणि पुढची भिंत मधोमध थोडी पोट काढल्यासारखी दिसू लागली. मी त्याही भेगेत सिमेंट भरले. पक्के बांधकाम आहे, भेग तर पडतेच, असे मीच लोकांना सांगत होतो.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आमच्या वस्तीत त्याची आठवण म्हणून दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या रात्री चंद्रपूरला जाणाऱ्यांसाठी रोट्या होतात. २०२३ च्या त्या रात्री दुसरा गोळा ओढून झाला होता. मामी, म्हणजे आमच्या गटातली सर्वांत वडील बाई, रोटी मडक्यावर टाकायला पुढे वाकली आणि ओट्याचा डावा कोपरा खाली बसला. कडप्प्याचे दोन तुकडे झाले. मडके घसरले, भट्टीची पुढची बाजू कलली आणि निखारे बाहेर आले. मामीने मागे उडी मारली म्हणून पाय वाचले. पण घसरते मडके थांबवायला तिने सवयीने हात पुढे केला होता. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत भाजली.

त्या रात्री मामीला दवाखान्यात नेऊन परत आलो तेव्हा अंगणात कोणी नव्हते. टॉर्च मारून पाहिले. टाइल्स फुटल्या होत्या, भिंत बाहेर आली होती. वर्गणीदारांच्या नावांची पाटी मात्र शाबूत होती. सचिव म्हणून त्यात माझेही नाव होते.

तिसऱ्या दिवशी मामीला भेटायला गेलो. काय बोलावे ते सुचेना. मी वजनाचा विषय काढला. म्हणालो, "मामी, वजन जास्त झाले. जमिनीला पेलवले नाही." मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "येच्या पोटात का भरलास गा बाबू?"

"माती."

"कोनती?"

"तिथलीच. पाया खोदला त्यातली."

"कन्हार भरलास? मंग फुगल नाई तं का होईल गा? पावसात फुगते, उन्हात आखडते. वावराले चालते, चुलीले नाई. आमाले तं कोनी इचारलाच नाई."

हे तिने रागाने म्हटले नाही, म्हणून जास्त लागले.

घरी आलो आणि आधी माझ्या वजनाच्या समजुतीचा हिशोब मांडला. विटांचे बांधकाम घनफुटाला साधारण ५४ किलो भरते आणि माती ४५ च्या आसपास. भिंती सुमारे साडेनऊ क्विंटल, पोटातली माती एकोणीस क्विंटल, वरची भट्टी दहा क्विंटल धरा. एकूण चाळीस क्विंटलच्या आत. ओट्याचा तळ चोवीस चौरस फूट. म्हणजे चौरस फुटाला १६५ किलोच्या आसपास. आकडा मोठा वाटतो. पण साठ किलोचा माणूस उभा राहिला तर त्याच्या दोन तळव्यांची जागा अर्ध्या चौरस फुटाहूनही कमी असते. त्याच्या पायाखाली जमिनीवर पडणारा भार जवळपास तेवढाच होतो! आपण अंगणात उभे राहिलो म्हणून जमीन खचते का? तेव्हा ओटा वजनाने पडला नव्हता. तो पाण्याने पडला होता, आणि पाणी धरून ठेवणारी माती मीच त्याच्या पोटात कोंबली होती.

आमच्या भागात शेतकरी जमिनीला नावे देतात: सिहार, मोरंड, खर्डी, बर्डी, कन्हार. कन्हार म्हणजे काळी, चिकट, भारी जमीन. तिच्यात एक फार बारीक कणांची चिकणमाती असते, शास्त्रात जिला माँटमोरिलोनाइट म्हणतात. तिच्या कणांच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की ती फुगते, पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. अशा जमिनीवर घरांच्या भिंतीसुद्धा तडकतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी खास पाया शोधला. त्यात जमिनीत खोलवर, जिथे ओल-सूक फारशी बदलत नाही तिथवर, बुडाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब उतरवतात. मोठ्या इमारतींसाठी अभियंते एवढा विचार करतात. मी चार महिन्यांच्या पावसाचाही केला नाही.

जून ते सप्टेंबर पाणी पीत पोटातली माती फुगली आणि अर्ध्या विटेच्या भिंतीला तिने बाहेर ढकलले. पावसाने उघाड दिल्यावर वरून भट्टी आणि बाहेरून ऊन, दोन्हींनी ती सुकली, आकसली आणि कडप्प्याखाली पोकळी पडली. कडप्पा अधांतरी राहिला. तो मुळात चुनखडीचा दगड, आगीपुढे टिकणारा नव्हेच, आणि आधीच तडकलेला. मी मात्र वरून भेगा बुजवत बसलो होतो.

वाचकहो, चुलीचा विचार करणारे आपण काही पहिले नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम करणाऱ्यांनी धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार केली होती. १९८३ पासून सरकारने सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम चालवला, तो २००२ मध्ये बंद झाला. चुली पुष्कळ वाटल्या गेल्या आणि पुष्कळ मोडूनही पडल्या. किती घरांत त्यावर रांधणारीचे मत विचारले गेले, हा प्रश्न मी आज विचारू शकतो, कारण मी स्वतः सात बायांचे मत न विचारता ओटा बांधला होता.

दुसऱ्या वेळी काम उलट्या टोकापासून सुरू केले. वही घरी ठेवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सातही बायांना आणि एका जुन्या मिस्त्रीला विहारात बोलावले. मी फक्त टेप धरली.

पहिला प्रश्न उंचीचा. मामी म्हणाली, रोटी टाकताना मडक्याचा माथा कोपराच्या खाली पाहिजे, वर असला तर हात उचलावा लागतो आणि दंडाला झळ लागते. चटक्यांचे कारण त्या दिवशी कळले. सातही जणींची जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली. सर्वांत कमी ३६ इंच, सर्वांत जास्त ३९. मधली ३७ धरली आणि मडक्याचा माथा त्याच्या तीन इंच खाली, म्हणजे ३४ इंचांवर ठेवायचे ठरले. आता वरून खाली मोजायला लागलो. भट्टीच्या कडेच्या वर मडके ९ इंच दिसते. कडेपासून आगीच्या जमिनीपर्यंत ९ इंच. झाले १८. चौतीसातून अठरा गेले, उरले सोळा. म्हणजे ओटा हवा होता फक्त सोळा इंचांचा, आणि मी बांधला होता तीस इंचांचा! माझ्या ओट्यावर मडक्याचा माथा ४८ इंचांवर, बायांच्या छातीच्या वर येत होता. शेगडीवर पातेले ठेवतात आणि भट्टीवर मडके पालथे असते, एवढा साधा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.

सोळा इंच म्हटल्याबरोबर खर्चही उतरला. खाली लाकडे ठेवायला पोकळ कप्पा करावा असे माझ्या मनात होते. पण पोकळ कप्पा म्हणजे वर सळईचा स्लॅब आला, आणि काँक्रीट सतत आगीखाली राहिले की कमकुवत होत जाते. शिवाय सुकी लाकडे भट्टीच्या बुडाखाली ठेवणे हा आगीला आमंत्रण देण्याचाच प्रकार. मिस्त्री म्हणाला, ओटा भरीवच करा, लाकडे बाजूला ठेवा. तसेच केले.

मग जमीन. जुन्या जागेवर सात फूट लांब, पाच फूट रुंद खड्डा घेतला आणि मुरूम लागेपर्यंत खणत गेलो. अडीच फुटांवर पिवळा मुरूम लागला. निघालेली सगळी कन्हार ट्रॉलीत भरून एका शेताच्या बांधावर नेऊन टाकली. खड्ड्यात बाहेरून आणलेला मुरूम सहा-सहा इंचांचे थर देऊन भरला. प्रत्येक थरावर पाणी मारायचे आणि धुम्मसने ठोकायचे. एक थर पक्का झाल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. ठोकून झाल्यावर मिस्त्री सब्बल टाकून पाहायचा. सब्बल रुतली तर पुन्हा ठोका. या कामाला दोन दिवस गेले. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काहीही दिसत नाही.

माती फुगणारी आहे की नाही हे पाहायची मामीची युक्ती सांगतो, ती कोणालाही करता येईल. एखाद्या डबीच्या झाकणात ओली माती काठोकाठ दाबून भरा आणि चार-पाच दिवस सावलीत, मग उन्हात सुकू द्या. सुकल्यावर माती कडेपासून सुटून मध्ये गोळा झाली, भेगा पडल्या, तर ती ओट्याच्या कामाची नाही. मुरूम झाकणात जवळजवळ जसाच्या तसा राहतो. कन्हार आणि मुरूम अशी दोन झाकणे आम्ही शेजारी ठेवली. लहान पोरांनाही फरक कळला.

भिंत या वेळी पूर्ण विटेची, नऊ इंचांची, आणि खाली तिच्यापेक्षा रुंद पायरी. बाहेरच्या भिंतीला राखेच्या विटा वापरल्या. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेमुळे आमच्या जिल्ह्यात त्या सहज मिळतात आणि अंगाने एकसारख्या असतात. पण त्या भट्टीत पक्क्या भाजलेल्या नसतात, सिमेंट किंवा चुन्याच्या जोरावर घट्ट झालेल्या असतात. म्हणून आग जिथे लागते तिथे त्या लावायच्या नाहीत. आगीच्या जागी भाजलेली लाल वीटच पाहिजे. नदीतले गोटे तर मुळीच नकोत. त्यांच्यात पाणी मुरलेले असते, आगीत ते फुटून कपच्या उडतात.

ओट्याच्या पोटात खाली साडेसहा इंच ठोकलेला मुरूम. त्यावर चार इंच भाताच्या तुसाची राख, मातीत कालवून, ओलसर असताना दाबलेली. आमच्याकडे राइस मिलमागे या राखेचे ढीग असतात आणि कोणी विचारत नाही. पण ती उष्णता अडवण्यात पक्की आहे. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या लोखंडाची धग धरून ठेवायला वरून हीच राख पसरतात. भट्टीखाली ही राख असली की धग जमिनीत मुरत नाही, वर मडक्याकडे जाते. राखेवर एक इंच कोरडी रेती, आणि रेतीवर लाल विटा उभ्या बाजूने, साडेचार इंच उंचीच्या. साडेसहा, चार, एक, साडेचार, बेरीज सोळा. या विटांमध्ये सिमेंट भरले नाही, नुसती रेती झाडली. तापल्यावर वीट थोडी वाढते, तिला हलायला जागा हवी. एखादी फुटली तर तेवढीच काढून दुसरी बसवता येते.

भट्टीचे अंग मामीच्या सांगण्याप्रमाणे वारुळाची माती, रेती, शेण आणि बारीक कापलेली तणीस यांचे केले. सिमेंटचा एक कणही नाही. ओट्याभोवती तीन फूट रुंदीची फरशी घातली आणि तिला बाहेरच्या बाजूला दोन इंच उतार दिला. वर पत्र्याचे उंच छप्पर टाकले आणि त्याची पागोळी फरशीच्या पलीकडे पडेल असे पाहिले. पाणी ओट्याजवळ थांबलेच नाही तर जमीन फुगेल कशाने?

सर्वांत कठीण काम शेवटी होते. थांबण्याचे. भट्टी लिंपून झाल्यावर लोक म्हणाले, पेटवा. मामीने पंधरा दिवस हात लावू दिला नाही. त्यानंतर पाच दिवस रोज फक्त काड्या-चिपाडांची लहान आग, दर दिवशी थोडी वाढवत. ओली माती एकदम तापवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन ती फोडून बाहेर पडते. सहाव्या दिवशी पहिली रोटी पडली.

खर्च सगळा मिळून सात हजार सहाशे. टाइल्स नाहीत.

हा ओटा आता दोन पावसाळे पाहून उभा आहे. एक केसासारखी भेग भट्टीच्या तोंडाशी पडली होती, ती बायांनी मातीने लिंपून घेतली. त्यांचे म्हणणे असे की, पूर्वी जेवढ्या रोट्यांना चार मोळ्या लाकूड लागायचे, तेवढ्याला आता तीन लागतात. हा आकडा कोणी यंत्राने मोजलेला नाही, पण मोळी डोक्यावर आणणारीचा हिशोब मी खरा मानतो.

एका मोळीने काय होते, असे शहरातला वाचक विचारील. आमचा तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो. मे २०२५ मध्ये आमच्याच तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. तेंदू असो, मोहफूल असो की सरपण असो, जंगलात वाकून काम करणारी बाई वाघाला माणूस म्हणून दिसत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. गॅसची टाकी घरात आली तरी पंगतीच्या रोट्या लाकडावरच होतात. तेव्हा एक मोळी कमी म्हणजे जंगलाची एक फेरी कमी. ओट्याच्या पोटातल्या चार इंच राखेची किंमत आम्ही अशी मोजतो.

त्या संगमरवरी पाटीचे काय झाले, तेही सांगतो. नव्या ओट्यावर ती लावावी का, असा विषय समितीत निघाला. मामी म्हणाली, दगड गुळगुळीत आहे, पीठ आपटायला चांगला. वर्गणीदारांना विचारले. सगळे हसले आणि हो म्हणाले. आता ती पाटी नावे खाली करून ओट्याशेजारी बसवली आहे आणि तिच्यावर पीठ आपटले जाते. माझे नावही त्याखालीच आहे. ते तिथेच बरे आहे.

मामीच्या हातावरचा डाग मात्र गेलेला नाही. रोटी ओढताना पीठ त्याच डागावरून कोपरापर्यंत जाते. माझी नजर तिथे जाते आणि तिच्याही लक्षात येते. ती कधी काही बोलत नाही.

परवा शेजारच्या गावाहून निरोप आला. तिथल्या बायांनाही असा ओटा बांधायचा आहे आणि सचिवसाहेबांनी आराखडा घेऊन यावे, असे त्यांचे म्हणणे. मी कळवले की आराखडा येणार नाही, मी आणि मामी येतो. रविवारी जायचे ठरले आहे. सकाळी लवकर निघू म्हणून मी पिशवीत टेप, ओळंबा आणि दोरी भरून ठेवली. मामीने पिशवीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "टेप मंग काढजो बाबू. आदी बायांचे कोपर पाहू, आन् झाकनात माती भरून ठेवू."